गाणी ऐकणं आणि गाणी जवळ ठेवणं: मुंबईतल्या घरांतून नेहमी येणारे प्रश्न

लालबाग-परळ भागात मी लोकांच्या जुन्या कॅसेट आणि रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवून देतो. कॅसेटची पिशवी घेऊन येतात आई-वडील नाहीतर आजोबा. सोबत वीस-बावीस वर्षांची नात किंवा नातू असतो. त्यांनी स्वतः कधी कॅसेट लावलेली नसते, पण कानात दिवसभर गाणं चालू असतं. दोन्ही पिढ्या भरपूर प्रश्न विचारतात, आणि त्यातले निम्मे एकमेकांबद्दलचे असतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

आजची मुलं गाणी विकतच घेत नाहीत. त्यांना गाण्याची किंमत उरली नाही का?

किंमत आहे, पैसे वेगळ्या वाटेने जातात एवढंच. आपल्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या दशकात, गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने कॅसेट स्वस्त केली आणि चाळीतल्या खोलीखोलीत टेपरेकॉर्डर वाजू लागला. विकत घेणं ही तेव्हाची सवय होती, कारण त्याशिवाय हवं ते गाणं हवं तेव्हा ऐकायची सोयच नव्हती. रेडिओवर ते लागेल तेव्हा खरं.

आता २००५ साली जन्मलेलं मूल डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हा ते अकरा वर्षांचं होतं. त्याच वर्षी काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, पुढच्याच महिन्यात यूट्यूब म्युझिक. खिशात स्वतःचे पैसे येईपर्यंत गाणी विकणारं दुकानच उरलं नाही, तर ते घेणार कुठून?

खर्च ही मुलं करतात. ॲपची वर्गणी तीन-चार मित्र मिळून भरतात, आणि मोठा पैसा जातो तिकिटांवर. जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिलं लोलापालूझा झालं, जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले आलं. पहिल्या पगारातून या तिकिटांचे पैसे बाजूला काढणारी मुलं मी पाहिली आहेत. गाण्याची किंमत नसलेला माणूस असं करत नाही.

मी दर महिन्याला पैसे भरते आणि गाणी डाउनलोडही केली आहेत. मग ती माझी का नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ॲपमधलं डाउनलोड म्हणजे मुंबईतली अकरा महिन्यांच्या करारावरची खोली. राहा, सजवा, पण चावी मालकाकडे. डाउनलोड केलेली फाइल कुलूपबंद असते, ती त्या ॲपबाहेर वाजत नाही, पेनड्राइव्हवर घेता येत नाही. स्पॉटिफायवर तर तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर डाउनलोड निघून जातात. वर्गणी थांबली की तीच गत.

शिवाय गाणी ॲपचीही नसतात. ती असतात कंपन्यांची, आणि ॲपचा त्यांच्याशी ठरावीक मुदतीचा करार असतो. २०१९ मध्ये सारेगामा आणि स्पॉटिफाय यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि सारेगामाची गाणी तिथून उतरली. परत आली ती २०२० मध्ये, नवा करार झाल्यावर. सारेगामा म्हणजे जुनं एचएमव्ही. आपल्या आई-आजीच्या काळातली गाणी बहुतेक याच कपाटात. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी अशीच स्पॉटिफायवरून गेली, तीही पुढे परतली. पण मधल्या काळात कुणाच्या लग्नाची, कुणाच्या प्रवासाची प्लेलिस्ट अर्धी करडी पडली होती.

कधी आख्खं ॲपच जातं. रेसो जानेवारी २०२४ अखेर भारतात बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने विंक म्युझिक गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. विंकवर ज्यांनी वर्षानुवर्षं याद्या बनवल्या, त्यांनी गाणी गमावली नसतील, ती दुसरीकडे मिळतात. पण कुठल्या क्रमाने, कुठल्या रात्री, कुणासाठी लावली होती ती रचना गेली.

यावरून ॲप वापरू नका असं मी म्हणत नाही. मीही रोज वापरतो. माझं म्हणणं इतकंच की ज्या पन्नास-शंभर गाण्यांशिवाय तुम्हाला करमत नाही, ती तेवढी स्वतःच्या हाताशी, स्वतःच्या फाइलमध्ये असू द्या.

यूट्यूबवर सगळं असतंच. मग काळजी कशाला?

बरंच असतं, हे खरं. पण कुणी टाकलंय ते बघा. जुन्या मराठी गाण्यांचे कितीतरी व्हिडिओ एखाद्या रसिकाने स्वतःच्या रेकॉर्डवरून उतरवून हौसेने टाकलेले असतात. त्या चॅनेलवर कॉपीराइटच्या तीन तक्रारी लागल्या की चॅनेल आणि त्यावरचं सगळं जाऊ शकतं. आणि तो माणूस गेला, पासवर्ड कुणाला माहीत नसला, तर नव्याने काही येतही नाही.

कुठली गाणी अशी हरवतात? मोठ्या गायकांची तर मिळतातच की.

मोठ्यांची मिळतात, बरोबर. हरवतात ती छोट्या लेबलांची आणि मंडळांची.

लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातला चाकरमानी राहिला, त्याने सोबत डबलबारी आणली. दोन बुवा समोरासमोर, रात्रभर भजनाचा सामना. त्याच्या कॅसेट निघायच्या आणि गणपतीला गावी जाताना लोक त्या पिशवीत भरून न्यायचे. तसंच शक्ती-तुऱ्याचं, म्हणजे दोन गटांच्या गाण्यांतल्या सवाल-जवाबाचं. तसंच वेसाव्याच्या आणि इतर कोळीवाड्यांतल्या गीतांचं, ज्यातली गाजली ती राहिली आणि बाकीची घरोघरच्या कपाटांत पडून आहेत. आणि भीमगीतांचं तर फारच. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात चैत्यभूमीच्या वाटेवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे आणि पुढे सीडीचे स्टॉल लागायचे. प्रल्हाद शिंदे, वामनदादा कर्डक ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण त्या स्टॉलवर गावोगावच्या गायन पार्ट्यांच्या कॅसेटही असत. अशा कितीतरी कॅसेट काढणाऱ्या कंपन्या बंद पडल्या, मूळ टेप कुठे आहे ते कुणी सांगू शकत नाही. तुमच्या माळ्यावरची प्रत हीच कदाचित उरलेली प्रत असते. ॲपवर ही गाणी आपोआप येणार नाहीत, कारण ती तिथे चढवायला मालकच उरलेला नाही.

मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून जुन्या ध्वनिमुद्रिका आणि त्यांची माहिती जपते आहे. अशा संग्राहकांमुळे ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या काळातलं नाट्यसंगीत आज आपल्यापर्यंत पोचलं. कॅसेटच्या काळासाठी तेवढं काम अजून व्हायचं आहे, आणि ते घराघरातच व्हावं लागेल.

मग गाणं खरोखर स्वतःचं कसं करून घ्यायचं?

फाइल विकत मिळत असेल तर फाइल घ्या. स्वतंत्र कलाकारांपैकी बरेच जण बँडकॅम्प या वेबसाइटवर असतात. तिथे पैसे दिले की एमपी३ किंवा फ्लॅक (आवाजाचा दर्जा कमी न करणारी) फाइल सरळ तुमच्या कॉम्प्युटरवर येते, कुलूप नाही. ॲपलच्या आयट्यून्स स्टोअरवर विकत घेतलेली गाणीही कुलपाशिवाय येतात. सीडी मिळाली तर उत्तम. नाटकाच्या किंवा गाण्याच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात बाहेर टेबलावर सीडी ठेवलेल्या दिसल्या तर एक उचला. सीडी ड्राइव्ह आता लॅपटॉपमध्ये येत नाही, बाहेरून जोडायचा मिळतो. तो घरात एक पुरतो.

दुकान बंद झालं तरी कुलपाशिवायची फाइल राहते. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाणी विकणारं दुकान काढलं आणि २०१३ मध्ये बंद केलं. ज्यांनी तेव्हा गाणी उतरवून ठेवली, त्यांच्याकडे ती आजही वाजतात.

टेलिग्रामवर फुकट फाइल मिळते. ती घेतली तर काय बिघडलं?

गाणाऱ्याला एक पैसा जात नाही, आणि हा कायद्याचाही भंग आहे. जे गाणं विकत मिळतं ते विकत घ्यावं. माझं मत याबाबतीत स्पष्ट आहे.

ॲपवर ऐकलं तर कलाकाराला किती मिळतं?

एका वेळेला ठरावीक अमुक पैसे, असं गणित नसतं. एका देशातली महिन्याची वर्गणी आणि जाहिरातींचं उत्पन्न एकत्र जमा होतं, ॲप आपला वाटा काढतं आणि उरलेलं एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटलं जातं. म्हणजे तुम्ही महिनाभर एकाच मराठी रॅपरला ऐकलंत तरी तुमचे पैसे फक्त त्याला जात नाहीत. देशभर जे सर्वाधिक ऐकलं गेलं, तिकडे मोठा वाटा जातो. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक वेळ मोजली जाते. २०२४ पासून तिथे आणखी एक नियम आहे: बारा महिन्यांत हजाराहून कमी वेळा वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे काहीच पैसे मिळत नाहीत. एखाद्या मोठ्या गायकाला यानं फरक पडत नाही. पण धारावीत किंवा घाटकोपरला खोलीत बसून पहिलं गाणं बनवणाऱ्या पोराला पडतो.

गीतकार-संगीतकारांची बाजू थोडी सावरली आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यासाठी जावेद अख्तर यांनी संसदेत आणि बाहेर फार नेटाने बाजू मांडली होती. तेव्हापासून गीतकाराला आणि संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून मुंबईतच आहे. तुमच्या घरात कुणी गाणी लिहीत किंवा चाली लावत असेल तर त्यांना तिथे सभासद व्हायला सांगा. घरातले कवी गेल्यावर हा हक्क वारसांकडे येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

एखाद्या कलाकारावर खरंच प्रेम असेल तर त्याच्या कार्यक्रमाचं तिकीट काढा, त्याचा टी-शर्ट घ्या, फाइल विकत घ्या. हा पैसा त्याच्यापर्यंत लवकर आणि जास्त पोचतो.

विनाइलचं, म्हणजे रेकॉर्डचं, वेड नेमकं काय आहे? मुलीला रेकॉर्ड प्लेअर हवाय.

घेऊन द्या, पण स्वस्तातला सुटकेसवाला घेऊ नका. त्यातल्या बऱ्याचशा प्लेअरचा हात जड असतो आणि सुईने रेकॉर्डची खाच झिजते. लॅमिंग्टन रोडला जुने प्लेअर दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत. चांगला जुना प्लेअर नवा पट्टा आणि नवी सुई घालून वर्षानुवर्षं चालतो. एक खबरदारी: ७८ आरपीएमच्या लाखेच्या रेकॉर्डची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. आणि ग्रामोफोनची पोलादी सुई एलपीवर, म्हणजे नंतरच्या विनाइलच्या रेकॉर्डवर, कधीही ठेवू नका.

नव्या रेकॉर्ड महाग असतात, एकेक दोन-तीन हजारांच्या घरात. माहीमला रिव्हॉल्व्हर क्लबने तरुणांमध्ये ही आवड चांगली रुजवली. जुन्या हव्या असतील तर चोरबाजार, मटण स्ट्रीट. रेकॉर्ड उजेडाकडे तिरकी धरून ओरखडे बघा, तबकडी वाकलीये का ते डोळ्यांच्या रेषेत धरून बघा, आणि कव्हर व आतली तबकडी एकाच गाण्यांची आहे ना, हे लेबल वाचून खात्री करून घ्या. ही गल्लत तिथे नेहमीची आहे.

मुलांना यात आवडतं ते काय, हे मी त्यांना विचारत असतो. बहुतेकांचं उत्तर आवाजाबद्दल नसतं. एक बाजू वीसेक मिनिटं चालते, मध्ये उडी मारता येत नाही, मेसेज येत नाही, हे त्यांना आवडतं.

आजोबांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घरच्या घरी उतरवता येतील का?

येतील, आणि या पावसाळ्याआधी उतरवा. मुंबईची दमट हवा कॅसेटची वैरी. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरट पावडर दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, ती हेडला (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला पसरते. ती वेगळी काढून ठेवा, जाणकाराकडून साफ करून घ्या.

चांगली दिसणारी कॅसेट आधी पेन्सिलने थोडी फिरवून बघा. रीळ अडकत नाही ना? मग वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडले आहेत का ते बघा. नसतील तर तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसलं जाणार नाही. टेपमागची फोमची किंवा फेल्टची गादी पडलेली असेल तर आवाज दबका येतो. ती गादी निकामी कॅसेटमधून काढून बसवता येते.

प्लेअर शक्यतो डेक, म्हणजे घरात ठेवायचा मोठा कॅसेट प्लेअर असावा, वॉकमन नको. प्रत्येक कॅसेटआधी हेड आणि रबराचा रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. डेकच्या लाइन-आउटमधून छोट्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरला कळेल असा करणाऱ्या डबीत) आणि तिथून लॅपटॉपमध्ये. ऑडॅसिटी हा फुकट प्रोग्राम पुरेसा आहे. आवाज इतका ठेवा की सगळ्यात मोठा भागही लाल रेषेच्या बराच खाली राहील. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागणारच, घाई करून चालत नाही. मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा, घरच्यांना पाठवायला एमपी३ करा. खरखर काढण्याच्या नादात आवाज मारू नका. थोडी खरखर चालते, पण टाळांचा नाद गेला तर भजन गेलं.

उतरवताना घरातलं मोठं माणूस शेजारी बसवा. परवा एक मुलगी आजोबांच्या मंडळाची कॅसेट घेऊन आली होती. गजर सुरू होण्याआधी टेपवर कुणीतरी दरडावलं, "गप रवा रे पोरानु!" ती म्हणाली, हा आजोबांचा आवाज. तिचे बाबा म्हणाले, नाही, हे आमचे मोठे काका, आणि ती पोरं म्हणजे आम्हीच. पखवाज कुणाचा, पेटीवर कोण, सामना कुठल्या चाळीत झाला, हे त्यांनी एका दमात सांगितलं. तिने ते तिथल्या तिथे मोबाइलवर लिहून घेतलं. कॅसेटच्या कव्हरवर यातलं एक अक्षर नव्हतं.

उतरवलेली कॅसेट आम्ही यूट्यूबवर टाकू का?

घरातल्या कुणी गायलेलं पारंपरिक भजन असेल आणि मंडळातल्यांची हरकत नसेल तर खुशाल टाका. कंपनीने काढलेल्या कॅसेटचं वेगळं. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. पण शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे, रेकॉर्ड कितीही जुनी असो. स्वतः ऐकण्यासाठी प्रत ठेवणं वेगळं, जाहीर टाकणं वेगळं.

मुलं रीलवरचे पंधरा सेकंद ऐकतात, पूर्ण गाणं ऐकतच नाहीत. हे बरं आहे का?

७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची होती. तेव्हाच्या मोठमोठ्या गायकांनी तेवढ्यात राग उभा केला. त्यामुळे लहान म्हणजे वाईट, हे मला पटत नाही. रीलवर ऐकलेल्या एका ओळीवरून मुलं मूळ अभंग शोधत येतात, हे मी पाहतो. घरात कुणी पुढचं ऐकवणारं हवं.

मुलाच्या कानात विरार लोकलमध्ये दोन्ही वेळचा प्रवासभर इअरफोन असतो. कानाला धोका आहे का?

आवाजावर अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. लोकलच्या खडखडाटात गाणं ऐकू यावं म्हणून आपण नकळत आवाज वाढवतो, खरा धोका तिथे आहे. कानात घट्ट बसणारी रबराची टोकं किंवा बाहेरचा आवाज कमी करणारे इअरफोन घेतले तर कमी आवाजात भागतं. कानात शिट्टीसारखा आवाज राहू लागला तर डॉक्टरांना दाखवा. आणि मोबाइलच्या स्पीकरवर डब्यात गाणं लावणं सोडाच. डब्यातलं भजनी मंडळ ही वेगळी गोष्ट आहे, तिथे माणसं गातात.

फाइल ठेवायला किती जागा लागते?

३२० केबीपीएसचं एमपी३ मिनिटाला सुमारे २.४ एमबी. पाच मिनिटांची हजार गाणी साधारण १२ जीबीत बसतात, साध्या पेनड्राइव्हवर. फ्लॅकला त्याच्या दुपटीहून जरा जास्त धरा. प्रती दोन ठेवा आणि दुसरी वेगळ्या घरात, मामाकडे किंवा बहिणीकडे.

आजीला ॲप जमत नाही. तिला गाणी कशी ऐकवू?

सारेगामाचा कारवाँ २०१७ मध्ये आला तो याच गरजेतून, बटण दाबलं की गाणं. तो घेतला नाहीत तरी पेनड्राइव्ह लागणारा छोटा स्पीकर पुरेसा आहे. गाणी तिला विचारून भरा. रेडिओची सवय असेल तर आकाशवाणीची अस्मिता वाहिनीही लावून द्या.

माझ्या प्लेलिस्ट तरी वाचवता येतील का?

येतील. स्पॉटिफायकडे स्वतःची माहिती मागता येते, त्यात तुमच्या याद्या येतात. एका ॲपवरून दुसऱ्यावर यादी नेणाऱ्या सोयीही आहेत, पण मराठी गाण्यांत त्या हमखास घोटाळा करतात. एकच अभंग दहा जणांनी गायलेला असतो आणि तुम्हाला हवा होता तो सोडून भलताच येऊन बसतो. म्हणून आवडती यादी वर्षातून एकदा हाताने लिहून काढा: गाणं, गायक, कवी, संगीतकार, चित्रपट किंवा अल्बम, साल. एवढं असलं की ते गाणं पुढे कुठल्याही ॲपवर, दुकानात किंवा चोरबाजारात शोधता येतं.